टोकाकडची धार

गोरेगावच्या लोहारानं जीपच्या कमानपाट्यापासून घडवलेल्या विळीला पंचफुलाबाई कुणाचा हात लागू देत नसत. एकदा लेकानं तिच्यावर खताचं पोतं उसवलं, तर दोन दिवस त्याला चहा मिळाला नाही. धारही त्याच लावत. पण यंदा त्यांचे हात थरथरू लागले आणि "द्या इकडं" म्हणायची कुणाची छाती होईना. मग सून सुकन्यानं शक्कल लढवली. सासूबाई शेळ्या सोडायला गेल्या की ती गुपचूप पात्यावर दगड फिरवून विळी आडवी करून ठेवी. त्या परत येऊन दगडाचे दोन हात मारत आणि पिकलं टमाटं अलगद चिरून दाखवत. आजही चकत्या ताटात पडल्या. "तुमच्यासारखी धार कोनालाच न्हाई जमत, आत्याबाई," सुकन्या म्हणाली. सासूबाई खुदकन हसल्या. "व्हय की. फकस्त उद्या टोकाकडं जरा जास्त घास. तिथं टमाटं चेंगरून राहिलं."