नापास कोण

प्रमिलाबाईंनी चपला दाराबाहेर काढल्या. आत आल्यावर मात्र त्या खुर्चीत बसल्या नाहीत. उभ्यानंच म्हणाल्या, "सर, आइनस्टाइन गणितात पास होता का नापास?"

श्रीधर सरांनी उठून कूलर बंद केला. पुलगावच्या हायस्कूलात ते अठ्ठावीस वर्षं विज्ञान शिकवत होते, पण हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता. आइनस्टाइन नापास झाल्याची गोष्ट तर तेच सगळ्यांना सांगायचे. मे महिन्यात दहावीचा निकाल लागला, तेव्हा शाळेच्या व्हरांड्यात प्रमिलाबाईंचा मुलगा सुमीत गणितात नापास होऊन खाली मान घालून उभा होता आणि स्टेशन रोडवर फॉल-पिकोचं दुकान चालवणाऱ्या प्रमिलाबाई पदरानं डोळे पुसत होत्या. सरांनी सुमीतच्या पाठीवर हात ठेवून म्हटलं होतं की ज्यानं सापेक्षतेचा सिद्धांत मांडला तोही गणितात नापास झाला होता.

तेव्हापासून पोरगा रोज पहाटे उठून गणितं सोडवत होता. पण काल ट्यूशनमध्ये चारुता नावाच्या मुलीनं मोबाइलवर वाचून दाखवलं की हे सगळं खोटं आहे, आइनस्टाइन लहानपणापासून गणितात हुशारच होता. पोरं हसली. सुमीत घरी आला, पुस्तक बंद केलं आणि म्हणाला, सरांनी आपल्याले येड्यात काढलं. फेरपरीक्षेला नऊ दिवस उरले होते. प्रमिलाबाईंनी हे सगळं न थांबता सांगितलं आणि मग त्या उत्तराची वाट पाहत उभ्या राहिल्या.

सर म्हणाले, एका कॉलेजनं प्रवेश परीक्षेनंतर आइनस्टाइनला घेतलं नव्हतं, हे खरं आहे.

"पण गणितात?"

"गणितात चांगले मार्क होते."

हे त्यांना ठाऊक होतं. आठ वर्षांपूर्वी वर्ध्याच्या शिक्षक प्रशिक्षणात एका प्राध्यापकांनी सापेक्षतेबद्दलचे गैरसमज एकेक करून सांगितले होते. नोबेल त्याला सापेक्षतेसाठी मिळालं नाही, प्रकाशावरच्या कामासाठी मिळालं. हा सिद्धांत जगात फक्त तिघांनाच कळतो, ही नुसती दंतकथा. गणितात नापास, हीसुद्धा. सरांनी वहीत सगळं उतरवून घेतलं. वर्गात नोबेलची चूक सुधारली, तिघांची गोष्ट सांगणं सोडलं. ही एक मात्र ठेवली. दर वर्षी ती कोणाच्या तरी कामी यायची.

"म्हणजे माहा पोरगाच एकटा नापास झाला," प्रमिलाबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. हिशेब लागत नसावा तशा त्या सरांकडे पाहत होत्या.

सरांच्या तोंडून निघून गेलं, "मी झालो होतो. दहावीत. गणितातच."

प्रमिलाबाई एक पाऊल पुढं आल्या. "खरं सांगून राह्यले का सर? का हेही तसंच?"

तेवढ्यात सरांची बायको सुनीती पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. ती प्रमिलाबाईंच्या दुकानातूनच साड्यांना फॉल लावून घ्यायची, दोघींची चांगली ओळख होती. प्रमिलाबाईंनी तिलाच विचारलं, सर दहावीत नापास झालते काय.

सुनीती हसली. "नापास कुठले? परीक्षेच्या वेळी टायफॉइड झालता यांना. त्यात वर्ष गेलं. लग्न ठरतानाच सांगितलं होतं आमच्या बाबांना."

प्रमिलाबाईंनी एकदा सुनीतीकडे पाहिलं, एकदा सरांकडे. मग त्या हळूच म्हणाल्या की राहू द्या सर, तुमी चांगल्यासाठीच सांगता. आणि दाराकडे वळल्या.

"थांबा," सर म्हणाले.

ते आत गेले. लोखंडी कपाटाचं दार वाजलं. बराच वेळ कागद चाळल्याचा आवाज येत राहिला. सर बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात पिवळी पडलेली, चार घड्यांवर फाटायला आलेली गुणपत्रिका होती. ती कोणाच्या हातात द्यावी हे त्यांना कळेना. शेवटी सुनीतीनंच घेतली. वाचली. परत वरून वाचली.

"मग टायफॉइड?"

"धाकट्या भावाला झाला होता."

सुनीतीनं कागद प्रमिलाबाईंना दिला. त्यांनी ओळींवरून बोट फिरवत गणित शोधलं आणि बोट तिथंच ठेवलं.

"एकवीस," त्या म्हणाल्या. "सुमीतले तेवीस हाय."

मग त्यांनी विचारलं, हा कागद दोन दिवस नेला तर चालेल का, पोराले दाखवायचा हाय. सरांच्या डोळ्यांपुढून ट्यूशनची पोरं गेली, शाळेची स्टाफरूम गेली, सासरे गेले. सुनीती त्यांच्याकडे पाहत नव्हती. तांब्या तिच्या हातात तसाच होता.

"न्या," सर म्हणाले.

प्रमिलाबाईंनी गुणपत्रिका जपून घडी केली आणि पिशवीत ठेवली. चपला घातल्या. फाटकापर्यंत जाऊन त्या परत फिरल्या, आल्या तेव्हापेक्षा त्यांचा चेहरा जास्त गोंधळलेला होता.

"सर, पोरानं त्याचा फोटो लावला हाय भिंतीवर. त्या आइनस्टाइनचा. काढून टाकू का राहू देऊ?"

सर दारापर्यंत आले.

"राहू द्या," ते म्हणाले. "खोटं त्यानं नाही सांगितलं."