शंकापेटीतली चिठ्ठी

अकरावी चिठ्ठी उलगडली आणि वहिनींचा हात कीबोर्डवरच थांबला.

चर्चच्या दारात शंकापेटी होती. लोक तिच्यात बिननावाच्या चिठ्ठ्या टाकत, फादर सवडीने उत्तरं लिहीत आणि सगळा गठ्ठा मासिकासाठी छापखान्यात येई. टाइप करायचं काम वहिनींचं. आतापर्यंतच्या दहा चिठ्ठ्या नेहमीसारख्याच होत्या. एकाने विचारलं होतं, प्रार्थना चालू असताना मोबाइल वाजला तर ते पाप की नुसता मूर्खपणा? फादरांनी लिहिलं होतं, ‘पाप थोडं, दुसरं जास्त.’ वहिनी मघाशी एकट्याच हसल्या होत्या.

या चिठ्ठीत एकच ओळ होती. ‘देव ज्याची क्षमा कधीच करत नाही, असं एखादं पाप असतं का?’

त्यांनी कागद खिडकीकडे नेऊन उजेडात धरला. ‘क्षमा’तल्या ‘क्ष’ला पोट सुटलेलं होतं. असा ‘क्ष’ या घरात एकच माणूस काढायचा. तो आत्ता दहा पावलांवर, कागद कापायच्या मशीनवर वाकलेला होता. त्यांचा दीर.

छापखाना दोघा भावांचा, वहिनींच्या नवऱ्याचा आणि दिराचा. आठ महिन्यांपूर्वी दोघं तळ्यावर मासे धरायला गेले, होडी उलटली आणि एकटा धाकटा परत आला. ‘मी पोहोचेपर्यंत दादा खाली गेला होता,’ असं त्याने पोलिसांना सांगितलं, आईला सांगितलं, वहिनींनाही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. पण कबरीत माती टाकताना त्याची बाही वर सरकली आणि मनगटावरचे चार ओरखडे त्यांच्या नजरेला पडले. ‘पाणवेलीत हात अडकला होता,’ तो लगेच म्हणाला. कोणी विचारलेलं नसताना. ते न विचारता आलेलं उत्तर वहिनींच्या मनात रुतून बसलं.

त्यानंतर दीर वाजवीपेक्षा जास्तच चांगला वागायला लागला. गळका नळ दुरुस्त केला, छताची कौलं बदलली, वहिनींच्या पोरीला शाळेत सोडायला रोज स्वतः जाऊ लागला. फक्त वहिनींच्या नजरेला नजर देईना. शेजारणी म्हणत, दीर असावा तर असा. वहिनी मान डोलवत आणि मनात म्हणत, एवढं कशासाठी?

आता त्या उठल्या. मशीनचं बटण त्यांनीच बंद केलं.

“भाऊजी, हे अक्षर कोणाचं?”

त्याने हात पुसले. चिठ्ठीकडे पाहिलं, हातात मात्र घेतली नाही.

“माझं.”

तो कानावर हात ठेवील, अशी त्यांची खात्री होती. त्यासाठी दोन-तीन प्रश्न तयारही होते. ते सगळे फुकट गेले.

“मनगटावर काय होतं तेव्हा? वेलीचं सांगू नका.”

“दादाची नखं.”

बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

“त्याला पोहता येत नव्हतं,” दीर म्हणाला. “त्याने मला मिठी मारली. दोघंही खाली चाललो होतो. मी सुटायला बघत होतो, तर त्याने मनगट पकडलं. मी त्याची बोटं सोडवली, वहिनी. एकेक करून.”

“आणि?”

“आणि वर आलो.”

“एवढंच? त्याआधी काही झालं नव्हतं? होडी उलटली की उलटवली?”

“उलटली.”

“आठ महिने तुम्ही खोटं बोललात. मग हे खरं कशावरून?”

“कशावरूनच नाही,” तो म्हणाला. “तिथे आम्ही दोघंच होतो.”

वहिनींनी त्याचा चेहरा न्याहाळला. हा माणूस रडत नव्हता, हात जोडत नव्हता. रडला असता तर नाटक म्हणता आलं असतं.

“फादरांपाशी कबुली दिलीत?”

“नाही.”

“मग पेटीत चिठ्ठी कशाला टाकलीत? अक्षरसुद्धा बदललं नाहीत. पेटीतल्या चिठ्ठ्या टाइप करायला कोणाकडे येतात, हे ठाऊक नव्हतं का?”

“ठाऊक होतं.”

वहिनी जागेवर जाऊन बसल्या. फादरांचं उत्तर चिठ्ठीच्या मागे टाचलेलं होतं. त्यांनी ते अजून वाचलं नव्हतं. क्षणभर वाटलं, सगळं फाडून टोपलीत टाकावं. दहा प्रश्नांवरही मासिक निघेल. मग त्यांनी टाचणी काढली आणि उत्तराचा कागद त्याच्यापुढे धरला.

“वाचा. मोठ्याने. मी टाइप करते.”

तो मशीनपाशीच उभा राहून वाचू लागला. “‘पश्चात्तापाने जो येतो, त्याला देव दारातून परत पाठवत नाही. मग त्याने काहीही केलेलं असो.’” त्याने पुढची ओळ बोटाने धरली. “‘पवित्र आत्म्याची निंदा तेवढी अक्षम्य, असं बायबलात सांगितलेलं आहे. त्याचा अर्थ मला असा कळतो: क्षमा समोर उभी असताना जो शेवटच्या श्वासापर्यंत ती नकोच म्हणतो, त्याला ती द्यायची कशी? तुम्ही विचारताय, म्हणजे तुम्ही तो माणूस नाही.’”

त्याने कागद खाली केला.

वहिनींनी एक अक्षरही टाइप केलेलं नव्हतं. बोटं कीबोर्डवर ठेवून त्या त्याच्याकडेच पाहत होत्या, प्रूफातली चूक शोधताना बघत तशा, डोळे बारीक करून.

“पुन्हा वाचा,” त्या म्हणाल्या. “सावकाश.”