चांगुणाचे टाके

मानेतली दबलेली नस पुण्यात ऑपरेशन करून मोकळी केली, तसा चांगुणाचा हात दुखायचा थांबला. टाके काढायला ती श्रीगोंद्याच्या दवाखान्यात आली. डॉक्टरांनी मानेवरची पट्टी सोडली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"बाई, इथं टाके नाहीत. साधा ओरखडासुद्धा नाही."

चांगुणा भडकली. "म्हंजी मी खोटं बोलते व्हय? भूल देऊन टेबलावर घेतलं हुतं मला!" ती नवऱ्याकडं वळली. "अवो, तुमी दाराशी बसला हुता न्हवं? मग सांगा की ह्यास्नी!"

रंगनाथ पिशवी उचलायला गेला, तर ती त्याच्या बोटांतून निसटली. तो वाकला आणि सदऱ्याची कॉलर सरकली.

त्याच्या मानेवर टाक्यांची काळी ओळ होती, अजून ओली.