भिंगाला सापडलेली चूक

“पुन्हा लावा की, सर!” मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं आणि भिंगाच्या पोटात दुखायला लागलं. तिच्या व्हिडिओला असं कुणी म्हटलं नव्हतं.

भिंग हे तिचं वर्गातलं नाव. इफेक्ट्सच्या वर्गात कुणाचाही व्हिडिओ लागला, की ही पडद्याला नाक लावून चुका काढायची. सावली उलटी पडलीय, कडा फाटलीय, तोच ढग दोनदा आलाय. आपल्या नजरेतून काही सुटत नाही, हे ती स्वतःच सगळ्यांना सांगत फिरायची.

वर्षअखेरीचं काम होतं एक मिनिटाचा व्हिडिओ, आणि त्यात संगणकावर केलेला एक तरी इफेक्ट हवा. ज्याचा सगळ्यात चांगला, त्याचं नाव सर आज एका स्टुडिओला कळवणार होते. नोकरीची जागा एकच. भिंगाने चार महिने खपून अख्खा पूल कोसळवला होता, धुरासकट. सर म्हणाले, “छान.” बस्स! आणि या घुम्याचा व्हिडिओ मात्र दुसऱ्यांदा लावायचा! दोन वर्षं शेजारच्या बाकावर बसून हा घुम्या दोन वाक्यं धड बोलला असेल तर शपथ.

पडद्यावर एक साठीचे गृहस्थ खुर्चीतून उठले. चालत खिडकीपाशी गेले, खिडकी उघडली, परत येऊन बसले. बसता बसता त्यांचा उजवा पाय गुडघ्यापासून विरत गेला. पँट गुडघ्याखाली चपटी होऊन लोंबायला लागली. ते शांतपणे बाहेर बघत राहिले. संपलं.

“कुठून धरून आणला हा नट?” भिंग शेजारणीला म्हणाली. “तोंड साठीचं आणि चाल विशीची!”

शेजारीण हसली नाही. ती डोळे पुसत होती. मग तर भिंग आणखीच जळली.

मधल्या सुट्टीत तिने तो शेवट एकेक फ्रेम थांबवून तपासला. खुर्चीचा पाय, जमिनीवरची सावली, रिकाम्या पँटच्या चुण्या, सगळं जागच्या जागी. चूक म्हणून औषधाला नाही. असा पाय पुसायचा तर दहा वर्षं हात बसलेला माणूस लागतो. म्हणजे हे काम घुम्याचं नव्हेच! हे सुचलं आणि तिला इतकं बरं वाटलं, की गार झालेला डबासुद्धा गोड लागला.

तास सुरू होताच ती उभी राहिली. “सर, हे याचं काम नाही. कुणाकडून तरी करून आणलंय. मूळ शूटिंग दाखवायला सांगा त्याला.”

वर्गाचा नियमच होता तसा. कुणी शंका काढली, तर मूळ शूटिंग सगळ्यांसमोर लावायचं.

घुम्या खाली बघत म्हणाला, “वर्गात नको, सर.”

चोराच्या मनात चांदणं! भिंगाला हसू आवरेना. “घाबरतोस कशाला? तूच केलंयस ना?”

सरांनी हात पुढे केला. घुम्याने पेन ड्राइव्ह दिला.

तीच खोली, तीच खुर्ची, तेच गृहस्थ. पँट उजव्या गुडघ्याखाली आधीपासूनच चपटी. त्यांनी काखेत कुबडी घेतली आणि ते उठले. ठक, ठक. खिडकीपर्यंतची दहा पावलं काही संपता संपेनात. परत आले, बसले, कुबडी खाली ठेवली. बाहेर बघत राहिले. मग कॅमेऱ्यामागून घुम्याचा आवाज आला, “झालं, बाबा. दमलात?”

सरांनी चित्र थांबवलं.

“म्हणजे तू पाय पुसला नाहीस,” सर म्हणाले.

“नाही, सर. लावला. चालण्यापुरता. पुसली ती कुबडी.”

भिंगाचा चेहरा उतरला. आता गुमान बसावं, माफी मागावी, हे तिला कळत होतं. पण जागा हातची चालली होती, आणि हेवा काही माणसाला गप्प बसू देत नाही. तेवढ्यात तिला मघाची ती चाल आठवली.

“पण चूक आहे, सर! मी आधीच म्हटलं होतं, विचारा हिला. माणूस साठीचा आणि उजवा पाय तरण्या पोराचा. जुळत नाही ते. चूक ती चूक!”

घुम्याने पहिल्यांदाच तिच्याकडे नीट बघितलं आणि मान डोलावली.

“बरोबर आहे. पाय माझा आहे,” तो म्हणाला. “बूट तेवढा बाबांचा. आठ वर्षं नुसता पडून होता.”