मूळपुरुषाची पेटी

"शब्द दिला तोही कुणाला, तर मेलेल्याला! तो पोचणार, आणि आम्ही जित्याजागत्यांनी वाळूत मरायचं?"

मिल्काच्या तोंडाचा पट्टा सुटला की तिचा नवरा अहीराम खांदा चोळत बसायचा. मिसर देशात वारलेल्या मूळपुरुषाच्या अस्थी, त्याला पूर्वजांनी दिलेल्या शब्दाप्रमाणे, देवाने कबूल केलेल्या भूमीत न्यायच्या होत्या, आणि ती पेटी वाहणाऱ्यांत तो होता. त्याच भूमीच्या वेशीवर त्यांचा सगळा कबिला एकदा कच खाऊन मागे फिरला होता. तेव्हाच देवाने बजावलं होतं, "तुम्ही वाळवंटातच संपाल. पोचतील ती तुमची पोरं."

"पेटी वर्षागणिक जड होतेय गं," अहीराम म्हणायचा.

"मेल्याची हाडं काय वाढतात? तुमचीच झिजलीत!"

अहीरामला वाळूत पुरलं त्या दिवशी मिल्का तरातरा पेटीपाशी गेली. मुठीत त्याच्या दाढीची बट होती. "जन्मभर तुझं ओझं वाहिलं त्यानं," ती आभाळाकडे बघून कडाडली. "आता बघतेच, त्याला कसा नेत नाहीस ते!" आणि तिने झाकण उचकटलं.

आत अस्थी दिसतच नव्हत्या. वर गच्च भरल्या होत्या कापलेल्या वेण्या, फुटक्या बांगड्या, दुधाचे दात, एक बाळाचं टोपरं.

मागे अहीरामबरोबर पेटी वाहणारा हानोक उभा होता.

"डाव्या कोपऱ्यात जागा आहे, वहिनी," तो हळूच म्हणाला. "फक्त आमच्या हिची वेणी हलवू नका. अहीरामनंच सरकवून जागा करून दिली होती तिला."