पाचर

“बंबावर पुन्हा चढायचं असेल तर आधी समुपदेशक बाईंकडे जा,” साहेबांनी फर्मावलं, म्हणून गेलो. खोलीत शिरताच खिशातली लाकडी पाचर दाराखाली ठोकली. आगीत शिरताना आम्ही हेच करतो. मागचं दार लागलं की माणूस अडकतो, माझा जोडीदार अडकला तसा. “दार उघडंच राहील,” मी ठणकावलं. “मी बोलणार नाही. तुम्ही सगळं साहेबांच्या कानावर घालणार.” “राहू दे उघडं,” बाई म्हणाल्या. तेवढ्यात साहेबच दारात हजर. “तोंड उघडलं का यानं?” बाई उंबऱ्यावर आडव्या उभ्या राहिल्या. “ते तुम्हाला कधीच कळणार नाही. निघा.” साहेब मागे फिरले. मी पाचर उपसली, दार लावलं, तीच पाचर आतून ठोकली. आता साहेबांच्या बापाच्यानंही उघडलं नसतं. “त्या दिवशीही मी पाचर लावली होती. साहेबांनी काढली.”