शिवणाच्या बाईंचा सराव

“बाई, कव्हर काढल्याशिवाय दिसणार कसं?”

प्रशिक्षकाने अगदी हळू विचारलं, तरी संगणकाच्या खोलीतले सगळे शिक्षक हसलेच. शिवणाच्या बाई झाकलेल्या संगणकासमोर हात मांडीवर ठेवून शांत बसल्या होत्या. कव्हर त्यांनीच शिवलेलं. कडेला निळी पट्टी, मागे नाड्या. त्यांनी गाठ सोडली, कव्हराची चौकोनी घडी घातली आणि हात पुन्हा मांडीवर ठेवले.

मुख्याध्यापकांनी कपाळाचा घाम टिपला. नेमकं आजच ही शोभा. शेजारी शिक्षण खात्याचे साहेब बसले होते, छत्री खुर्चीच्या पाठीला अडकवून. आसपासच्या सगळ्या शाळांसाठी संगणक प्रशिक्षण केंद्र काढायचं होतं, आणि ते कुठल्या शाळेला द्यायचं हे साहेब आज ठरवणार होते. केंद्र मिळालं की केंद्रप्रमुखपद आपसूक मुख्याध्यापकांकडे येणार होतं. ते तर गुडघ्याला बाशिंग बांधूनच बसले होते. घरी बायकोला सांगून झालं होतं, मेहुण्यालाही.

“आता सराव,” प्रशिक्षक म्हणाला. “मनात येईल ते टाइप करा. चुकलं तरी चालेल.”

खिडक्यांकडे तोंड करून बसलेल्या शिक्षकांची खाडखूड सुरू झाली. बाई मात्र एकट्याच पांढऱ्या भिंतीकडे पाठ करून बसल्या होत्या. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन त्यांनी हे कुणालाच नको असलेलं टेबल धरलं होतं. पडलेली सुई शोधावी तसं त्या एकेक अक्षर शोधत होत्या आणि सापडलं की एका बोटाने टोचत होत्या.

आणि त्यांच्या डोक्यावर, भिंतीवर, हातभर उंचीची अक्षरं उमटू लागली.

‘आज खोली उघडली. बरे वाटले.’

“प्रोजेक्टरची वायर या संगणकाला कुणी लावली?” प्रशिक्षक पुटपुटला आणि उठायला लागला. साहेबांनी त्याला हाताने थांबवलं.

“राहू द्या. भिंतीवर दिसतंय हे कळलं तर त्यांचा हातच चालायचा नाही.” मग ते मुख्याध्यापकांकडे झुकले. “आज उघडली म्हणजे?”

“आज सकाळी. रोज सकाळीच उघडतो, साहेब.”

‘धूळ बसू नये म्हणून कव्हरे शिवली,’ भिंत म्हणाली. ‘मुलांचा हात लागू नये म्हणून सरांनी कुलूप लावले.’

खाडखूड थांबली. एकेक करत सगळ्यांच्या माना भिंतीकडे वळल्या. गणिताच्या सरांना भलताच खोकला आला. साहेबांची नजर मुख्याध्यापकांच्या कमरेला लटकलेल्या किल्ल्यांच्या जुडग्यावर गेली आणि तिथेच राहिली.

“बाई, दमला असाल,” मुख्याध्यापक घाईघाईने म्हणाले. “चहा घ्या ना जरा.”

“नको सर. आत्ता कुठे हात बसतोय.”

यापुढे काय बोलणार? मागे बघा म्हणावं तर चोराच्या मनात चांदणं. गप्प बसावं तर भिंत बोलतेय.

‘आमचे सर मोठ्या मनाचे आहेत.’

मुख्याध्यापकांच्या जिवात जीव आला. ते साहेबांकडे बघून थोडंसं लाजलेसुद्धा.

‘किल्ली मागितली तर कधी नाही म्हणत नाहीत. उद्या बघू म्हणतात.’

आता साहेबांनीही रुमाल तोंडाला लावला. बाईंनी चष्मा पुसला, पदर सावरला आणि पुन्हा बोट उचललं. या वेळी फार वेळ लागला.

‘माझ्या शिवणाच्या वर्गातली एक मुलगी शाळा संपवून दुकानात काम मागायला गेली. मालकाने विचारले, संगणक येतो का. ती म्हणाली, त्याचे कव्हर शिवता येते.’

कुणीच हसलं नाही. साहेबांनी रुमाल खिशात ठेवला. केंद्र हातचं जातंय, हे मुख्याध्यापकांना लख्ख दिसलं. मेहुण्याचा चेहराही दिसला. ते ताडकन उठले, जुडग्यातून एक किल्ली ओढून काढली, बाईंच्या हातात ठेवली आणि भाषणाच्या आवाजात म्हणाले, “बाई, आजच्या मुहूर्तावर द्यायची असं मी ठरवूनच आलो होतो. ही खोली आजपासून तुमची. मुलींना रोज आणा.”

“अगंबाई,” बाई म्हणाल्या. “तुम्हाला कसं कळलं, सर?”

“मनातलं ओळखावं लागतं, बाई.”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेब उठले, मुख्याध्यापकांची पाठ थोपटून म्हणाले, “केंद्र तुमच्याकडेच. खोली अशीच उघडी ठेवा मात्र.” मुख्याध्यापक त्यांना फाटकापर्यंत सोडून आले. तोवर प्रशिक्षक गेला, शिक्षक पांगले. बाई तेवढ्या अजून संगणकासमोर होत्या.

मुख्याध्यापक परत येऊन साहेबांच्याच खुर्चीत टेकले, दाराकडे पाठ करून, आणि केंद्रप्रमुखाला शोभतील असे पाय पसरले. मग त्यांनी हात पुढे केला.

“बाई, ती किल्ली द्या बघू. साहेबांपुढे बोलावं लागतं तसं. चार मुलींनी बटणं बडवली की यंत्रं भंगारात जातील. तुमचं शिवण बरं आहे.”

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग त्यांच्या खांद्यावरून पलीकडे.

“हो सर. एक ओळ राहिलीय, तेवढी संपवते.”

आणि दहाही बोटं एकदम बटणांवर पडली. कळांकडे न बघता, शिवणयंत्र पळावं तशी पळाली. मुख्याध्यापकांनी दचकून भिंतीकडे पाहिलं.

‘सर, साहेब छत्री न्यायला परत आलेत. तुमच्या मागे दारातच उभे आहेत.’